घोरपडीची हळद

इंदूआत्यांच्या घरात घाईला मज्जाव होता. दाराची घंटा वाजली म्हणून त्या कधी लगबगीनं उठल्या नाहीत. आधी हातातला चहा संपायचा, मग कप विसळून पालथा घातला जायचा, आणि मग दार उघडायचं. टपालवाला हे ओळखून होता. तो घंटा वाजवून शेजारच्या घरांचं टपाल टाकून परत यायचा, तोवर आत्या दारात उभ्या असायच्या. मी मात्र सदा घाईत. प्रोजेक्टची तारीख, व्हिसा वाढवायची तारीख, इंगोलश्टाटला जाणारी सकाळची गाडी, सगळ्यांच्या मागे मी धावत असे. एक बूट पायात आणि एक हातात अशी मी जिना उतरले की आत्या स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "घोरपडीला बघ गं जरा. तिला आहे का घाई?"

ही घोरपड त्यांच्या घरातल्या बोळात राहायची. पुढच्या दारातून आत आलं की डाव्या हाताला भिंतीत एक लाकडी कपाट होतं, दोन झडपांचं, आपल्याकडच्या देव्हाऱ्यासारखं. झडपा उघडल्या की आत फिकट पिवळ्या चुनखडीची एक लादी उभी केलेली दिसायची आणि लादीवर एका प्राण्याचा अख्खा सांगाडा. हातभर लांब, डोकं एका बाजूला कललेलं, पुढचे पाय पोटाशी घेतलेले, शेपटी गोल फिरवून अंगाजवळ आणलेली. आज जिथे आल्टम्यूल नदीचं खोरं आहे तिथे कोणे एके काळी समुद्र होता. त्याच्या गाळात हे जनावर बसलं आणि गाळाचा दगड झाला. जाणकार सांगत की हा प्राणी सरड्यासारखा दिसला तरी सरडा नव्हे आणि इतका शाबूत सांगाडा क्वचितच मिळतो. त्याचं लॅटिन नाव आत्यांना पाठ होतं, पण ते त्या पाहुण्यांपुढे काढत. एरवी ती घोरपड.

मी २००३ साली नाशिकहून जर्मनीत इंगोलश्टाटला आले ती मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत डिझाईन इंजिनियर म्हणून. शहरात घर मिळेना. मिळालं तर परवडेना. ऑफिसातल्या एकीनं खोऱ्यातल्या एका गावाचं नाव सांगितलं, तिथे एका म्हाताऱ्या बाईंच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे म्हणाली. मी आदल्या दिवशी पाठ केलेली जर्मन वाक्यं फोनवर एका दमात म्हणून टाकली. माझं नाव वैशाली देवरे, मी धूम्रपान करत नाही, मी शांत आहे, माझी नोकरी कायमची आहे. पलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि स्वच्छ मराठीत विचारलं, "देवरे म्हणजे नाशिककडच्या का? मग घर बघायला कशाला येताय, जेवायलाच या की." एवढी सगळी पाठ केलेली जर्मन वाया गेली याचं मला पुढे कित्येक दिवस वाईट वाटत होतं.

आत्या, तिथली सगळी मराठी मंडळी त्यांना असंच म्हणत, मूळच्या मिरजेच्या. तिथे नर्सिंग शिकून साठच्या दशकात त्या जर्मनीत आल्या आणि खोऱ्यातल्या एका इस्पितळात लागल्या. तिथे एक दिवस टोनी लिंडनर नावाचा एक खाणवाला दगडाखाली अंगठा चेंगरून घेऊन आला. उजव्या अंगठ्याचं टोक तिरकं कापलं गेलं होतं. आत्या रोज ड्रेसिंग करत. जखम भरली तरी टोनी ड्रेसिंगला येतच राहिला, तेव्हा डॉक्टरांनी आत्यांना सांगितलं की या माणसाला दुखणं वेगळं आहे. 'अर्धा अंगठा गेला आणि अख्खी बायको मिळाली' असं टोनी लोकांना सांगत असत. मी आले त्याच्या आदल्या वर्षी ते गेले होते. त्यामुळे माझ्या ओळखीचे टोनी म्हणजे स्वयंपाकघरातला एक फोटो आणि आत्यांच्या बोलण्यातल्या तक्रारी. तक्रारी पुष्कळ होत्या. त्यावरूनच संसार चांगला झाला असणार हे मला कळलं.

टोनींची खाण लहान होती. तिथला दगड पानं सुटावीत तसा थराथरानं सुटतो. छिन्नी लावायची, हलकेच ठोकायचं आणि आवाज ऐकायचा. त्या लाद्या फरशीला जातात आणि छपरालाही, कारण त्या खोऱ्यातल्या जुन्या घरांवर कौलं नसतात, दगडाच्याच चपट्या लाद्या रचलेल्या असतात. लग्नानंतर थोड्याच दिवसांत टोनींनी एक थर उघडला आणि आत ही घोरपड निघाली. खाण त्यांची, जमीन त्यांची, त्यामुळे तिथल्या कायद्यानं घोरपडही त्यांचीच. तेव्हापासून अधूनमधून कोणी ना कोणी विकत घ्यायला यायचं. टोनी त्यांना बिअर पाजून परत पाठवत. पण पुढे तिचं काय करायचं हे मात्र त्यांनी कधी सांगून ठेवलं नाही. "सगळ्या जगाला सल्ले द्यायचा," आत्या म्हणायच्या, "आणि हे तेवढं माझ्या गळ्यात टाकून गेला."

दसऱ्याला आत्यांकडे आम्हा इंगोलश्टाटच्या मराठी मंडळींचा मेळा भरायचा. आत्या हत्यारांची पूजा करत. मधोमध टोनींच्या छिन्न्या आणि हातोडे, धुऊन पुसून मांडलेले. भोवती आमची हत्यारं. म्हणजे लॅपटॉप, मोजमापाचा कॅलिपर, गाडीच्या किल्ल्या. एकानं एकदा ऑफिसचं ओळखपत्र ठेवलं होतं. हत्यार कुठाय असं आत्यांनी विचारल्यावर तो म्हणाला की मी मॅनेजर आहे, माझ्याकडे एवढंच असतं. सगळ्यांना हळदकुंकू लागलं की आत्या बोळात जात, कपाट उघडत आणि घोरपडीच्या कवटीपाशी बोटानं हळद टेकवत. फक्त हळद. कुंकवाला टोनींनी पहिल्याच वर्षी मनाई केली होती. हळदीवरूनही ते दर दसऱ्याला भाषण ठोकत की हा दगड पाणी पितो, रंग पितो, दगडाला असलं काही लावायचं नसतं. भाषण संपलं की ओलं फडकं घेऊन स्वतः हळद पुसत आणि पाहुण्यांकडे पाठ करून झडपा लावून टाकत. आत्या ही नक्कल इतकी हुबेहूब करत की न पाहिलेल्या टोनींची मला धास्ती वाटायची. टोनी गेल्यावर पुसायचं काम आत्यांकडे आलं. त्या नुसतं फडकं फिरवल्यासारखं करत.

मग सोनं वाटायचं. गावातल्या बागेत गिंकोचं एक झाड होतं. त्याचं पान मधोमध चिरलेलं, आपट्यासारखंच दोन पाळ्यांचं असतं आणि दसऱ्याच्या सुमाराला पिवळंधमक होतं. आत्या पिशवी भरून पानं आणत. हा शोध त्यांनी स्वतः लावला होता आणि त्याचा त्यांना घोरपडीपेक्षाही जास्त अभिमान होता.

महिन्याच्या पहिल्या रविवारी गावातली पोरं घोरपड बघायला येत. नियम एकच, हात धुऊन यायचं आणि तरीही हात लावायचा नाही. पोरं बोळात फतकल मारून बसत, आत्या चिवड्याच्या वाट्या देत आणि मग प्रश्न सुरू होत. ती काय खायची, तिला पोहता यायचं का, तिची आई कुठे आहे. एकदा एका लहान मुलानं विचारलं की तिला मरताना दुखलं का. आत्यांनी नर्सला शोभेल असं उत्तर दिलं. त्या वेळी दुखलं असेल, म्हणाल्या, आता नाही दुखत. पोराचं समाधान झालं आणि त्यानं चिवडा पुन्हा मागितला.

माझे वडील गेले तेव्हा मी त्याच घरात होते. नाशिकहून भावाचा फोन आला, विमानाचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं मिळालं, म्हणजे माझ्याशिवायच सगळं उरकणार होतं. मी वर जमिनीवर बसून होते. सकाळी आत्या जिना चढून आल्या. गुडघे दुखत म्हणून त्या एरवी वर येत नसत. हातात मऊ भात आणि मेतकुटाची वाटी होती. म्हणाल्या, "आधी रड, मग खा. खाता खाता रडलीस तरी चालेल." मग मला खाली नेलं, कपाटासमोर खुर्ची मांडली, झडपा उघडल्या आणि स्वतः स्वयंपाकघरात निघून गेल्या. धीर दिला नाही, सगळं ठीक होईल असं म्हणाल्या नाहीत. मी त्या दगडाकडे बघत दुपारपर्यंत बसले. आयुष्यात मला कोणी इतकं नीट रडू दिलेलं नाही. त्याचे आभार मी त्यांना कधी धड मानू शकले नाही. एकदा मानायला गेले तर म्हणाल्या, भात करपला होता, तेवढा विसर.

मग एका हिवाळ्यात बर्फ फार पडला. छपरावरच्या दगडांचा भार काय कमी होता, त्यात बर्फ. वसंतात बर्फ वितळल्यावर माझ्या खोलीच्या छताची तुळई वाकलेली दिसली. सुतार येऊन बघून गेला आणि त्यानं मान हलवली. घर जुनं म्हणून संरक्षित यादीत होतं, म्हणजे पत्रा किंवा कौलं टाकायची सोय नाही. पुन्हा तसंच, दगडाचंच छप्पर घालायचं. ते काम येणारे कारागीर थोडे आणि त्यांचा खर्च नर्सच्या पेन्शनीत बसणारा नव्हता. छप्पर झालं नाही तर घर राहण्याजोगं राहणार नव्हतं.

आत्यांचा मुलगा मार्टिन हॅम्बर्गला असे. मुलगा गुणी, दर रविवारी फोन करणारा. आत्या त्याच्याशी मराठीत बोलत, तो जर्मनमध्ये उत्तर देई आणि दोघांनाही यात काही विचित्र वाटत नसे. छपराचं कळल्यावर तो लगेच आला, पोटमाळ्यावर चढून बघून आला आणि स्वयंपाकघरात बसून त्यानं सरळ सांगितलं की घोरपड विकायची. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. एका कपाटात छप्पर पडून आहे आणि तुझ्या डोक्यावरचं पडायला आलंय, असं तो म्हणाला. कपाटात जगातली दुर्मिळ वस्तू आणि वाकलेल्या तुळईच्या घरात माझी आई, हे मला हॅम्बर्गला झोपू देत नाही. त्यानं म्युनिकचा एक व्यापारीही शोधला होता. आत्या बराच वेळ टेबलावरचे चिवड्याचे कण गोळा करत राहिल्या. त्यांना घर हवं होतं. त्या घरात त्या नवरी म्हणून आल्या होत्या, मार्टिन तिथे वाढला होता, टोनी तिथे गेले होते. घोरपड विकली तर घर राहणार आणि नाही विकली तर घर जाणार, इतकं ते उघड होतं.

व्यापारी यायच्या दिवशी मार्टिनला हॅम्बर्गहून निघता येईना. म्हणून आत्यांनी मला रजा काढायला लावली.

"तू काही बोलायचं नाहीस," त्या म्हणाल्या. "नुसती इंजिनियरसारखी बस."

"म्हणजे कशी?"

"कपाळाला आठ्या घालून."

मी आठ्या घालून बसले. व्यापारी सभ्य होता. येताना केक घेऊन आला होता, बूट दाराबाहेर काढून आला, हातमोजे घालूनच लादीजवळ गेला. भिंगातून एकेक हाड बघताना त्याचा श्वास मंद झाला होता. त्याला घोरपडीची किंमत कळत होती आणि ती पैशातलीच होती असं नाही. मग त्यानं खिडकीचं रोलाडन, म्हणजे बाहेरचा गुंडाळता पडदा, खाली ओढायला सांगितलं. बोळात अंधार झाला. त्यानं पिशवीतून एक जांभळा दिवा काढला. त्या दिव्यात खरी हाडं एका रंगात चमकतात आणि कोणी डिंक-रसायनं वापरून जोडाजोड केली असेल तर ती वेगळ्या रंगात उठून दिसते, असं त्यानं समजावलं. खोट्या सांगाड्यांचा बाजार मोठा आहे म्हणे.

दिवा लागला आणि घोरपड निळसर पांढरी उजळली. इतकी वर्षं बघत असूनही आम्ही दोघींनी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. आणि कवटीपाशी एक पिवळाजर्द डाग पेटल्यासारखा चमकत होता. व्यापाऱ्याचा चेहरा एकदम बदलला. दुरुस्ती कोणी केली, कोणतं रसायन वापरलं, असं त्यानं थंडपणे विचारलं. आत्यांना आधी काही कळेना. मग त्या जवळ गेल्या, डागाकडे बघितलं आणि म्हणाल्या की ही हळद आहे. त्यानं तीनदा विचारलं. त्यांनी तीनदा हळद सांगितलं, तिसऱ्यांदा स्वयंपाकघरातून डबाच आणून दिव्याखाली धरला. डब्यातली हळदही तशीच चमकली. माझ्या आठ्या कधीच गळून पडल्या होत्या.

आणखी कुठे काही आहे का बघावं म्हणून तो दिवा खाली सरकवू लागला. पोट, मागचे पाय, शेपटी. शेपटीच्या खाली, लादीच्या कडेला, एका ओळीत पिवळे ठसे होते. बोटाचे नव्हते, अंगठ्याचे होते. काही पुसट, काही ठळक, एकाशेजारी एक. आणि प्रत्येक ठशाचं टोक तिरकं कापलेलं.

आत्यांनी कपाटाची झडप धरली. दर दसऱ्याला भाषण करणारा, ओलं फडकं घेऊन हळद पुसणारा, पाहुण्यांकडे पाठ करून झडपा लावणारा तो माणूस, झडपा लावता लावता दरवर्षी आपलाही हळदीचा अंगठा टेकवत होता. बायकोला कधी कळू दिलं नाही. त्या पिवळसर दगडावर एरवी ते दिसण्यासारखं नव्हतंच.

"लबाड कुठला," आत्या हळूच म्हणाल्या. मराठीत म्हणाल्या, आमच्यापैकी कोणालाही नाही.

व्यापाऱ्याचा जीव भांड्यात पडला होता. चला, मग प्रश्नच मिटला, तो म्हणाला. हा वरवरचा रंग आहे. आमचा माणूस बारीक भुकटीचा फवारा मारून केसभर थर उडवून देईल, दगड कोरा होईल आणि विकत घेणाऱ्याला यातलं काही सांगायची गरज नाही. मग त्यानं एका कागदावर आकडा लिहून पुढे सरकवला. त्यात छप्पर होत होतं आणि वर आत्यांचं म्हातारपण निर्धास्त जात होतं. आत्यांनी कागदाकडे बघितलं नाही.

"सगळं जाईल?" त्यांनी विचारलं. "ते खालचंही?"

"सगळं," तो आश्वासन देत म्हणाला. "खूणसुद्धा राहणार नाही."

आत्यांनी त्याला कॉफी दिली, त्याचा केक कापून त्यालाच वाढला आणि सांगितलं की कळवते, घाई नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जवळच्या गावातल्या लहानशा म्युझियमला फोन केला. तिथल्या संशोधक बाई, सगळे त्यांना फ्राऊ डॉक्टर म्हणत, एका जुनाट गाडीतून आल्या. वयानं माझ्याएवढ्याच. पहिलंच वाक्य त्यांनी असं सांगितलं की आमच्याकडे विकत घ्यायला पैसे नाहीत, हे आधी सांगते म्हणजे तुमची कॉफी वाया जायला नको. मग स्वतःचा दिवा लावून त्या कितीतरी वेळ उकिडव्या बसून राहिल्या. हळद कोणती, पाण्यात कालवलेली की तेलात, कवटीवरचं बोट कोणाचं, खालचा अंगठा कोणाचा. आत्या सांगत गेल्या. ड्रेसिंगपासून सगळं सांगितलं. मग त्यांनी मुद्द्याचं विचारलं, हे डाग तुम्ही काढणार का. फ्राऊ डॉक्टर म्हणाल्या, "जे मला परत लावता येणार नाही, ते मी काढत नाही."

पण आत्या अशा एका वाक्यावर भुलणाऱ्या नव्हत्या. ती तळघरात पडून राहणार का? अभ्यासाला काही महिने कार्यशाळेत राहील, खोटं सांगत नाही, पण मग दालनात येईल. पोरांना बघता येईल? येईल. आणि हा दिवा? फ्राऊ डॉक्टरांनी विचार केला. काचेबाहेर एक बटण बसवता येईल, म्हणाल्या, दाबलं की थोडा वेळ दिवा लागेल. जाताना आत्यांनी त्यांचा दिवा चार दिवसांसाठी मागून घेतला.

त्या शनिवारी मार्टिन आला. आकडा त्याला फोनवर कळला होता, त्यामुळे खुशीत होता, कारागिराशी बोलणीही करून आला होता. आत्यांनी वाद घातला नाही. त्याला बोळात बोलावलं, रोलाडन खाली करायला सांगितलं आणि दिवा त्याच्याच हातात दिला. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. तो आधी म्हणाला की हो, व्यापाऱ्यानं सांगितलं मला, हळदीचं. मग दिवा शेपटीकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यानं आपला अंगठा त्या ठशांच्या जवळ नेला, टेकवला नाही. लहानपणापासून हात न लावायची सवय. तुला माहीत होतं का, त्यानं जर्मनमध्ये विचारलं.

"नाही रे. मला तर दरवर्षी ओरडायचा."

मार्टिननं दिवा ठशांच्या ओळीवरून पुन्हा एकदा फिरवला. मग, आत्यांशी कधी मराठीत न बोलणारा तो माणूस, शब्द शोधत शोधत म्हणाला, "आई, हे नको विकू."

"मग घर विकावं लागेल," आत्या म्हणाल्या. "कळतंय ना तुला? छप्पर मला झेपायचं नाही."

त्यानं मान हलवली. आत्यांनी त्याच्या हातातून दिवा घेतला आणि बंद केला. "घरात मी राहून घेतलं," त्या म्हणाल्या. "पोटभर राहिले. आता दुसरं कोणी राहू दे की."

घोरपड गेली त्या दिवशी आत्यांनी नवी साडी नेसली होती. म्युझियमची माणसं लादी पेटीत बांधत असताना त्या जवळ उभ्या राहून हळू, हळू म्हणत होत्या आणि ती माणसं मुळातच इतकी हळू होती की त्यांना आणखी हळू कसं व्हावं कळेना. निघताना आत्यांनी फ्राऊ डॉक्टरांच्या हातात हळदीची पुडी ठेवली. फ्राऊ डॉक्टरांनी ती गंभीरपणे प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि वर नमुना म्हणून चिठ्ठी चिकटवली. आत्या मला म्हणाल्या की अगं, भाजीत घाल म्हणून दिली होती.

घर एका तरुण जोडप्यानं घेतलं आणि छप्पर दगडाचंच घातलं. आत्या इंगोलश्टाटला स्टेशनजवळच्या एका खोलीत राहायला गेल्या. मला न्युरेम्बर्गला नोकरी मिळाली. पुढे मार्टिननं हट्टानं त्यांना हॅम्बर्गला नेलं आणि तिथल्याच एका पावसाळी फेब्रुवारीत त्या गेल्या. मार्टिननं मला फोनवर कळवलं तेव्हा तो आधी जर्मनमध्ये बोलला आणि मग फोन ठेवायच्या आधी 'आई गेली' एवढं मराठीत म्हणाला.

आत्या हॅम्बर्गला जायच्या आधीचा दसरा मला आठवतो. त्या वर्षी तो रविवारी आला होता. मी न्युरेम्बर्गहून गाडी घेऊन गेले, आत्यांना घेतलं आणि आम्ही म्युझियमला गेलो. वाटेत जुन्या गावात थांबून त्यांनी गिंकोची पानं वेचली. मी दोनदा घड्याळ बघितलं.

दालनात घोरपड काचेमागे होती, नीट उजेडात, बोळापेक्षा ऐटीत. खाली पाटीवर तिचं लॅटिन नाव होतं, टोनींचं नाव होतं आणि शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की हळदीच्या खुणा ती ज्या घरात होती तिथल्या माणसांच्या आहेत आणि त्या तशाच ठेवल्या आहेत. एक लहान मुलगी बटण दाबून नाक काचेला लावून उभी होती. तिनं आईला विचारलं की हा अंगठा कोणाचा. आईला माहीत नव्हतं. मागून आत्या म्हणाल्या की माझ्या नवऱ्याचा. त्याला हात लावायची परवानगी होती का, मुलीनं विचारलं. मुळीच नव्हती, आत्या म्हणाल्या, त्यानं स्वतःच बंदी घातली होती. मुलीनं त्यांच्याकडे संशयानं बघितलं. आत्यांनी तिला एक पिवळं पान दिलं. एक तिच्या आईला, एक दाराशी बसलेल्या पहारेकऱ्याला. सोनं घ्या, असं मराठीतच सांगितलं, आणि त्यानं ते मुकाट्यानं टोपीत खोचलं.

मग माणसं पांगली. म्युझियम बंद व्हायला आलं होतं, पार्किंगची वेळ संपत होती, मला परत एवढा रस्ता गाठायचा होता. मी म्हटलं, आत्या, चला. त्यांनी ऐकलं नाही. काचेसमोर त्या एकट्याच उभ्या होत्या, पिशवीत उरलेली पानं. दिवा विझला. त्यांनी पुन्हा बटण दाबलं, घोरपड उजळली, आणि तिच्या शेपटीखाली ते तिरके अंगठे एका ओळीत पिवळे झाले. पहारेकऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे, आणि तो उठायच्या ऐवजी नीट टेकून बसला. दिवा पुन्हा विझला. आत्यांनी पुन्हा बटण दाबलं. मी घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.